मिल थांबेपर्यंत

गोंदियात बाजारामागच्या गल्लीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार उपसायची आणि नवी गुंडाळायची, हा माझा धंदा. त्याआधी मी ड्रम वाजवायचो. हे सांगितलं की लोक विचारतात, कोणत्या वरातीत? मग मी पुढे सांगत बसत नाही.

वरातीत नाही, रॉक बँडमध्ये. आमच्या बँडचं नाव 'हलर'. धानाचं टरफल काढणाऱ्या यंत्राला हलर म्हणतात, आणि आमची तालीम मुर्रीच्या रस्त्यावरच्या एका राइस मिलमध्ये चालायची, म्हणून ते नाव. ही गोष्ट ब्याऐंशी सालची. रॉक हा शब्द ऐकलेली गोंदियातली सगळी माणसं तेव्हा चहाच्या एका टेबलाभोवती मावली असती.

गिटार आणि गळा योगराज बिसेनचा. गाणीही त्याचीच. बेस गिटार हेमेंद्र वाजवायचा, ड्रम मी, चैतराम. मिलमागच्या कोंड्याच्या खोलीत आम्ही बसायचो. मिल चालू असली की सगळी इमारत घुमायची. मोटार, तिच्यावरचे लांब पट्टे, छतालगत फिरणारा लोखंडी शाफ्ट, सगळं मिळून एकच जाड सूर. गिटार कशाशी जुळवायची असते हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून आम्ही ती मिलशी जुळवली. बाकीचं जग कोणत्या सुरात गातं याची आम्ही कधी चौकशीही केली नाही.

पाळी संपली की मिस्त्री स्विच पाडायचा. पण स्विच पडला म्हणून शाफ्ट थांबत नाही. तो चांगला मिनिटभर फिरत राहतो आणि मिलचा सूर हळूहळू खाली येत बंद होतो. आम्ही गाण्याच्या मध्ये असलो तर गाणं सोडायचो नाही. मिलसोबत खाली यायचो. योगराज गिटारच्या खुंट्या सैल करत न्यायचा, गळाही उतरवत न्यायचा, मी ठोके लांबवायचो. शाफ्ट थांबला की आम्ही थांबायचो. आधी ती मस्ती होती, नंतर सवय झाली. आमचं शेवटचं गाणं 'मालधक्का' नेहमी असंच संपायचं.

चौऱ्याऐंशी साली नागपूरला जाऊन आम्ही कॅसेट काढली. आठ गाणी. 'मालधक्का' शेवटी. रेकॉर्डिंगवाल्याने गाणं ऐकून कपाळाला आठ्या घातल्या. म्हणाला, "शेवटी आवाज बसल्यासारखा वाटतो. लोक म्हणतील कॅसेट खराब आहे. सरळ संपवा." योगराज माझ्याकडे वळला. "काय करू गा?"

मी बावीस वर्षांचा होतो आणि नागपूरच्या माणसाचं ऐकायचं म्हणजे मला कमीपणा वाटत होता. मी म्हणालो, "आपला गाना असाच संपते. ठेव."

त्याने ठेवलं.

दोन महिन्यांत कॅसेटी परत यायला लागल्या. दुकानदारांचं म्हणणं एकच, शेवटी फीत ओढते, माल खराब आहे. एकाने पत्र लिहायचीही तसदी घेतली नाही, खोक्यावर खडूने फुली मारून पाठवलं. तीन पोती भरली. दुसरी कॅसेट कुणी काढू देईना. हेमेंद्र रायपूरला सिमेंटच्या दुकानात लागला. मी मोटारींत तार भरायला शिकलो. योगराजने त्याच मिलमध्ये नोकरी धरली.

त्या साली धान पिकायला लागला तेव्हा योगराजने पोती उघडली, कॅसेटी फोडून आतली फीत बाहेर काढली आणि आपल्या धानाच्या बांध्यांवर एका खुंटीपासून दुसऱ्या खुंटीपर्यंत ताणली. पोपटांना हाकलायला तशी फीत सगळेच बांधतात. उन्हात चमकते, वाऱ्यात फुरफुरते, पाखरं बसत नाहीत. शेजाऱ्यांनी मागितली, त्यांनाही दिली. मुर्रीच्या धानावर आमची आठही गाणी ताणलेली होती. मी बघायला गेलो तर योगराज धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभा.

"आयक," तो म्हणाला. "आता वाजून राहिली." आणि हसला.

मला हसू आलं नाही. मी 'ठेव' म्हणालो होतो त्याबद्दल तो एक शब्द बोलला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. दोन शिव्या दिल्या असत्या तर मी चार दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. त्याने माझी ती सोयच ठेवली नाही.

बावीस वर्षं तो मिलमध्ये होता. मोटार जळली की मला बोलावणं यायचं. एकदा मी मिल चालू असताना मागच्या दाराने आत शिरलो, तर योगराज शाफ्टखाली उभा राहून तोंड उघडून ओरडत होता. मला वाटलं हात अडकला. धावलो. जवळ गेलो तेव्हा कळलं, गातोय. पूर्ण गळा लावून. चार हात अंतरावर पोती उचलणाऱ्या हमालांना त्यातलं काही ऐकू जात नव्हतं. गाणं नवं होतं.

"नवे गाने किती झाले?" मी त्याच्या कानात ओरडलो.

त्याने बोटं दाखवली. सात.

हे मी कुणाला सांगितलं नाही. त्यानेही नाही. दोन हजार सातला मिल बंद पडली आणि तो घरी बसला, तेव्हा गाणी आठ झाली होती. कान मात्र गेले होते. डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज सगळे गेले, जाड तेवढे उरलेत.

त्याची मुलगी चंचल नागपूरला एका स्टुडिओत कामाला. बापाने कधीतरी कॅसेट काढली होती, एवढंच तिला ठाऊक होतं. मिल बंद झाल्यावर मीच तिला बाकीचं सांगितलं. आठ दिवसांनी तिचा फोन आला. "काकाजी, बाबांले घेऊन या. तुमचे ड्रमपण आणा."

दोन हजार आठचा फेब्रुवारी. आम्ही गेलो. काचेपलीकडे मशिनी, अलीकडे आम्ही दोघं पन्नाशीकडे झुकलेले. योगराजच्या कानांवर हेडफोन चढवले. तो गायला लागला आणि दुसऱ्या ओळीला सूर सुटला. पुन्हा घेतलं, पुन्हा सुटला. कधी वर, कधी खाली, वाट चुकलेल्या गुरासारखा. दुपारपर्यंत एक कडवं जमलं नाही. चंचलच्या वरचा जो साहेब होता तो गोड आवाजात म्हणाला, "टेन्शन नका घेऊ अंकल, कॉम्प्युटरवर सरळ करून टाकू." त्याने दहा मिनिटं उंदीर इकडेतिकडे फिरवला आणि कडवं वाजवून दाखवलं. प्रत्येक सूर जागच्या जागी. योगराजने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले.

"हा कोन होय?" त्याने विचारलं.

"तुम्हीच, बाबा," चंचल जोराने म्हणाली.

"मी नाई होय. मी इतका चांगला नाई गात." त्याने हेडफोन उतरवले, टेबलावर नीट ठेवले आणि चपला घातल्या.

गाडीत तो खिडकीबाहेर बघत बसला. तुमसर गेल्यावर एवढंच म्हणाला, "पोरीले सांगजो, राहू दे म्हना. तिचा नाव खराब नोको."

पंधरा दिवसांनी योगराजची बायको पुष्पाबाई माझ्या दुकानात आल्या. मिक्सर जळला म्हणाल्या. मी लावून बघितला, मिक्सर ठणठणीत होता. त्या स्टुलावर बसून राहिल्या.

"भाऊजी, ते बोलून नाही राहिले. जेवतात, झोपतात, बस." मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "मिलमधून यायचे त रोज त्यांचा गळा बसून राहे. मी हळद घालून दूध देत होती. मले वाटे, धुळीनं बसते. बावीस वर्ष मले वाटलं धुळीनं बसते. आता चंचल सांगते का ते गात होते. मले काऊन नाही सांगितलं भाऊजी?"

मीही तोंड शिवून बसलेल्यांतलाच. पण त्या बोलत असताना बाकावर एक मोटार चाचणीला चालू होती, आणि तिच्या घरघरीत मला इतक्या दिवसांत न सुचलेली गोष्ट सुचली. योगराज आयुष्यात एकदाही मिलशिवाय गायला नव्हता. तरुणपणी नागपूरला गायला तेव्हा कान शाबूत होते, मिल डोक्यात घेऊन गेला होता. आता कानही नाहीत आणि मिलही नाही. त्याच्या पायाखालची फरशी काढून घेऊन आम्ही त्याला चाल म्हणत होतो. स्वतःला मोटारीतला जाणकार म्हणवतो मी, आणि मोटार बंद आहे हे मला कळलं नाही!

मिल विकली गेली होती. तिथे प्लॉट पडायचे होते. सोमवारी भंगारवाला यंत्रं कापायला येणार होता. मी मिलच्या जुन्या मालकाकडे गेलो. त्यांची मोटार मी तीन वेळा भरली होती. म्हणालो, वीज तोडायच्या आधी मला चार दिवस द्या. कशाला, विचारलं. गाणं भरायला, म्हणालो. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, पिऊन आलोय का ते. मग चाव्या दिल्या.

गुरुवारी सकाळी मी मोटार पुसली, बेअरिंगला ग्रीस भरलं, पट्टे चढवले. चंचल सुट्टी टाकून लॅपटॉप आणि माइक घेऊन आली. कोंड्याच्या खोलीच्या भिंतींना आम्ही पोत्यांचा रिकामा बारदाना टांगला. मी स्विच टाकला. शाफ्ट फिरला, पत्रे थरथरले. चंचलने कानांवर हात ठेवले.

"काकाजी, इतक्या आवाजात रेकॉर्डिंग नाही होत! सगळ्या गाण्यात मिल येईल."

"येऊ दे. बेसवाला रायपूरले गेला. त्याची जागा रिकामीच आहे."

योगराजला मी कुठे नेतोय ते सांगितलं नव्हतं. दाराशी येऊन तो थांबला. मग चपला काढल्या, देवळात काढतात तशा, आणि अनवाणी आत आला. फरशीवर दोन्ही पाय रोवून डोळे मिटून उभा राहिला. कितीतरी वेळ. मी ड्रममागे बसून घामाने भिजलो. शेवटी त्याने गिटार गळ्यात अडकवली, एकेक तार मिलशी लावली आणि गायला लागला.

सूर सुटला नाही. गळा जुना झाला होता, वरच्या जागी फाटत होता, पण जिथे जायचं तिथेच जात होता. मला त्याच्याकडे बघवेना. चंचल लॅपटॉपकडे बघत होती आणि तिच्या हनुवटीवरून पाणी टपकत होतं. तेवीस वर्षांची झाली तरी बापाचा खरा आवाज ती पहिल्यांदा ऐकत होती.

लोडशेडिंगमुळे मुर्रीत बारा वाजता लाइन जायची. म्हणून रोज सकाळी सातला सुरू करायचं आणि साडेअकराला आवरायचं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार मिळून आठही नवी गाणी झाली. रविवार उरला.

"आता 'मालधक्का'," योगराज म्हणाला.

"जुना गाना कायले?"

"तो सुधरवून टाकू." त्याने माझ्याकडे न बघता गिटारची तार पिळली. "या वक्ती सरळ संपवू. चार ठोके देजो आन बंद. एकबी डिस्क वापस नाई आली पायजे."

चोवीस वर्षांनी तो त्या गोष्टीबद्दल बोलला, ते असं. म्हणजे इतकी वर्षं त्याच्या मनात ते होतंच. माझी चूक पुसायची म्हणून हा शेवटचा दिवस त्याने राखून ठेवला होता. "तू म्हनशील तसा," मी म्हणालो. चार ठोके आणि बंद. मनाशी घोकत बसलो.

गाणं तसं साधं. रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करणारा माणूस, समोरून गाड्या जातात, कोणती आपली ते त्याला कळत नाही. शेवटचं कडवं सुरू झालं. साडेअकराला अजून दहा मिनिटं होती.

आणि लाइन गेली.

गिटारचा आवाज एकाएकी तुटला. ॲम्प्लिफायर मेला. बल्ब गेला. पत्र्याच्या फटींतून येणारं ऊन तेवढं उरलं. चंचलचा लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता. आणि वर शाफ्ट फिरत होता. बिनओझ्याचा, सुटलेला, आपल्या लयीत. मिलचा सूर खाली यायला लागला.

माझ्या हातात काड्या होत्या. चार ठोके द्यायचे आणि थांबायचं, असं ठरलं होतं. मी योगराजकडे बघितलं. त्याची बोटं तारांवर फिरत होती आणि आवाज येत नव्हता. त्याला ते ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. पण पाय फरशीवर होते. पायांना कळलं. त्याने गिटार पाठीवर सरकवली, हात मोकळे सोडले आणि गळा खाली न्यायला लागला. मिलसोबत. शब्द लांबले, रुंद झाले, त्यांच्यातून हवा दिसायला लागली. मी ठोके लांबवले. ठरवून नाही, हातांनी ते केलं. दोन ठोक्यांच्या मध्ये आता पट्ट्यांची फटफट ऐकू येत होती, मग एकेक फट सुटी, मग शाफ्टचा एक कण्हल्यासारखा फेरा. योगराजच्या गळ्यात सूर उरला नव्हता, नुसता श्वास होता. शाफ्ट थांबला. मी थांबलो. तो थांबला.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"बाबा," चंचल हळूच म्हणाली. मग त्याला ऐकू येत नाही हे आठवून ओरडली, "बाबा! लाइन चारला येईल. शेवट परत घेऊ. सरळ!"

"कायले?" योगराज म्हणाला. "झाला ना."

मी ड्रममागून उठलो. त्याच्या कानाशी जाऊन म्हणालो, "योगराज, तेव्हा मी तुले ठेव म्हनलो नसतो त..."

त्याने मला पुढे बोलू दिलं नाही. खांद्यावर हात ठेवला. "तू बरोबरच सांगतला होता. पन नागपूरले मिल नोती ना गा. आपन तिथं खोटे उतरलो. लोकायले ते कळला." आणि भिंतीवरचा बारदाना उतरवायला लागला.

सोमवारी भंगारवाले आले. शाफ्ट अखंड बाहेर निघेना, म्हणून गॅसने तीन तुकडे केले. आम्ही बघायला गेलो नाही.

डिस्क दिवाळीनंतर, गावोगावी मंडईच्या जत्रा भरतात त्या दिवसांत निघाली. नाव 'दुसरी शिफ्ट'. पाठीमागे फोन नंबर माझ्या दुकानाचा छापला, कारण योगराजचे कान तोवर जवळजवळ पूर्ण गेले होते. तो रोज दहा वाजता येऊन माझ्या स्टुलावर बसायचा, चहा प्यायचा, जाणाऱ्यायेणाऱ्यांकडे बघायचा. काही डिस्का भंडाऱ्याला गेल्या, काही नागपूरला. बावीस दिवस डिस्कसाठी फोन वाजला नाही.

तेविसाव्या दिवशी वाजला. नागपूरचा एक दुकानदार. "ते 'दुसरी शिफ्ट'वाले का? भाऊ, तुमच्या डिस्कमध्ये फॉल्ट आहे. शेवटच्या गाण्यात आवाज बसतो. दोन गिऱ्हाइकांनी आणून दिली. सगळा गठ्ठा परत पाठवतो."

शब्दसुद्धा तेच. योगराज चहाचा ग्लास हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होता.

"कोन होय?" त्याने विचारलं.

काहीही सांगता आलं असतं. बिल मागताहेत, चुकीचा नंबर लागला, काहीही. त्याला ऐकू थोडंच येणार होतं? पण एवढी वर्षं न बोलण्याचं काय होतं ते आम्ही दोघांनी बघितलं होतं. मी त्याच्या कानाशी वाकून सगळं ओरडून सांगितलं. फॉल्ट आहे म्हणतो. आवाज बसतो म्हणतो. वापस पाठवतो म्हणतो. गल्लीतल्या चार दुकानांनी ऐकलं.

योगराजने ग्लास खाली ठेवला. त्याचा चेहरा बदलला नाही. "त्याले विचार, कुठवर आयकला?"

मी विचारलं. दुकानदार म्हणाला, "आवाज बसायला लागला तेव्हा बंद केली. खराब माल कोण ऐकतं?"

"त्याले सांग," योगराज म्हणाला, "मिल थांबेपर्यंत आयक म्हना. मंग पाठवजो."

मी सांगितलं. दुकानदार कुरकुरला, पण त्याच्या दुकानात तेव्हा गिऱ्हाईक नसावं. फोन तसाच ठेवून त्याने डिस्क लावली. मला लांबून 'मालधक्का' ऐकू यायला लागलं. शेवटचं कडवं आलं, गिटार तुटली, मिल खाली यायला लागली. माझं बोट आपोआप काउंटरवर पडायला लागलं. ठोका. मग उशिराने ठोका. योगराजची नजर माझ्या बोटावर होती. त्याचे ओठ हलायला लागले. बोट लांबलं तसे ते लांबले. त्याच्या कानांत काही नव्हतं, फोनमधलं तर नव्हतंच, पण एकही जागा चुकली नाही. शाफ्ट थांबला. माझं बोट थांबलं. त्याचे ओठ मिटले.

मला वाटलं, लाइन कटली.

"हॅलो," मी म्हणालो.

"हो, आहे," दुकानदार म्हणाला. त्याचा आवाज आता वेगळा येत होता. "ठेवून घेतो."

मी फोन ठेवला. योगराज वाट बघत होता.

"ठेवून घेतो म्हनते!" मी ओरडलो. माझा गळा मध्येच फाटला, आणि मला पुन्हा ओरडावं लागलं.